आयपर्फ३ची यूडीपी टेस्ट दर वेळी लॉस दाखवते, पण लाइन चांगली आहे: गळती सॉकेटमध्ये कशी शोधायची

‘मॅडम, आमच्या साइडनं लाइन ओके आहे.’

सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरचं हे वाक्य मी चार तिकिटांवर, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींवर, चार वेळा ऐकलं. चारही वेळा मनात म्हटलं, तुम्ही दुसरं काय म्हणणार! चौथ्या खेपेला कळलं की तो बिचारा खरं बोलत होता. पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, वाटेत कुठेच पडत नव्हती. ती आमच्या मशिनपर्यंत सुखरूप पोचत होती आणि आयपर्फ३नं (नेटवर्कचा वेग आणि पॅकेटांची गळती मोजणारं टूल) उघडलेल्या सॉकेटच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या डेटा घ्यायच्या जागेच्या, दारात, आत घ्यायला कोणी नाही म्हणून, फेकली जात होती.

हा त्रास एकदा मिटला की कायमचा मिटला असं होत नाही. महिना-दोन महिन्यांनी परत डोकं वर काढतो, आणि तोवर मागच्या वेळी काय केलं होतं ते सगळे विसरलेले असतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. आज्ञा आणि पर्याय आपण फोनवर एकमेकांना सांगतो तसेच लिहिले आहेत: डॅश डब्ल्यू, डॅश बी वगैरे. सगळं लिनक्सबद्दल आहे.

लक्षणं

पुणे आणि नागपूरच्या ऑफिसांमध्ये ५०० एमबीपीएसची राखीव लीज्ड लाइन. रोजची रहदारी दुसऱ्या लाइनवरून जाते. ही महिन्यातून एकदा तपासायची आणि गरज पडेल तेव्हा वापरायची. दोन्हीकडे एक-एक व्हर्च्युअल मशीन. नागपूरला आयपर्फ३ सर्व्हर म्हणून, म्हणजे घेणारा, चालू; पुण्याहून क्लायंट, म्हणजे पाठवणारा, लावायचा.

टीसीपीची (हरवलेलं परत पाठवणारी पद्धत) टेस्ट दिवसात केव्हाही लावा, ४७० एमबीपीएसच्या आसपास आकडा येतो, तक्रारीला जागा नाही. यूडीपीची (एकदा पाठवलं की विसरणारी पद्धत) टेस्ट ४५० वर लावली की मात्र तऱ्हा वेगळी. रात्री बाराला लॉस, म्हणजे हरवलेल्या पॅकेटांचं प्रमाण, शून्य. सकाळी अकराला एक-दीड टक्का. दुपारी जेवणाच्या सुट्टीत परत जवळपास शून्य.

ऑफिसच्या वेळेशी जुळणारा लॉस बघितला की कोणाच्याही मनात पहिली शंका हीच येते की कंपनीनं एकच लाइन दहा जणांना विकली आहे. आमच्याही आली, आणि तिकीट गेलं.

खरं तर उत्तर पहिल्याच दिवशी समोर होतं, टीसीपीच्या आकड्यात. टीसीपी लॉसला किती घाबरतं याचं एक ढोबळ सूत्र मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलं: वेग हा सेगमेंटचा (टीसीपीच्या एका तुकड्याचा) आकार भागिले आरटीटी (जाऊन परत यायला लागणारा वेळ), आणि त्याला लॉसच्या वर्गमुळानं भागायचं, वर १.२२ चा गुणक. आरटीटी २० मिलिसेकंद, सेगमेंट १,४४८ बाइट आणि लॉस एक टक्का धरला तर एका जोडणीला साधारण ७ एमबीपीएस मिळतात. सात! सूत्र जुन्या रेनो पद्धतीच्या टीसीपीचं आहे, आजचं क्यूबिक थोडं जास्त ओढेल, पण ४७० च्या जवळपाससुद्धा जाणार नाही. म्हणजे ज्या लाइनवर एकच टीसीपी जोडणी ४७० काढते, त्या लाइनवर एक टक्का लॉस असूच शकत नाही. (टीसीपीची पद्धत बीबीआर ठेवली असेल तर हा निष्कर्ष काढू नका. ती लॉसकडे बरंच दुर्लक्ष करते.)

टीसीपीत घेणारा दमला की तो देणाऱ्याला ‘थांब’ असं सांगतो. यूडीपीत असं सांगायची सोयच नाही. त्यामुळे टीसीपी चांगलं आणि यूडीपी वाईट अशी जोडी दिसली, की आधी घेणाऱ्या मशिनकडे बघायचं. ही एक गोष्ट पाठ असती तर चारपैकी तीन तिकिटं वाचली असती.

लॉसच्या रकान्यात नेमकं काय मोजलेलं असतं

आयपर्फ३ हे अमेरिकेतल्या ईएसनेटचं, म्हणजे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून चालणाऱ्या संशोधन जाळ्याचं, खुल्या स्रोताचं टूल. त्याची यूडीपी मोजणी साधी आहे. क्लायंट प्रत्येक डेटाग्रामच्या (यूडीपीच्या एका पॅकेटच्या) सुरुवातीला वेळ आणि एक क्रमांक लिहितो. सर्व्हर सॉकेटमधून डेटाग्राम वाचतो, क्रमांक बघतो आणि मध्ये खंड पडला तर तितके हरवले असं धरतो. उशिरा का होईना आलं तर एक कमी करतो.

मोजणी सॉकेटमधून वाचल्यानंतर होते, एवढं लक्षात ठेवा. क्रमांक ५००१ नंतर थेट ५०४० आला तर मधली ३८ पॅकेटं पुण्याच्या स्विचमध्ये गेली, वाटेतल्या कुठल्या राउटरनं टाकली, नागपूरच्या नेटवर्क कार्डानं सोडली की कर्नलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) सॉकेट भरलंय म्हणून फेकली, हे टूलला कळायला काही मार्ग नाही. स्क्रीनवर सगळं एकाच नावानं येतं, लॉस. आणि आपण ते वाचतो ‘लाइनचा लॉस’ असं.

सॉकेटमध्ये मावतं तरी किती

इथे थोडं आकड्यांत शिरावं लागेल. कंटाळा आला तरी वाचा, कारण सगळा घोळ याच आकड्यांत आहे.

बहुतेक लिनक्सवर यूडीपी सॉकेटचा घेण्याचा बफर (पॅकेटं वाचेपर्यंत साठवायची जागा) न सांगता मिळतो तो २,१२,९९२ बाइटचा. वाटतं, १,४४८ बाइटची दीडशेच्या आसपास पॅकेटं मावतील. पण कर्नल हिशेब धरतो तो पॅकेटच्या मजकुराचा नाही. त्या पॅकेटसाठी अडवलेल्या सगळ्या मेमरीचा, म्हणजे मजकूर, त्याभोवतीची मोकळी जागा आणि कर्नलची स्वतःची नोंद, असा मिळून तो हिशेब असतो. आकडा ड्रायव्हरप्रमाणे बदलतो, पण दीड हजार बाइटच्या पॅकेटमागे २,३०४ बाइट लागलेले मी बरेचदा बघितले आहेत. म्हणजे जागा फक्त ९२ पॅकेटांची.

आता ४५० एमबीपीएस म्हणजे १,४४८ बाइटची सेकंदाला साधारण ३९ हजार पॅकेटं. ९२ ला ३९ हजारांनी भागा. जेमतेम २.४ मिलिसेकंद. सर्व्हरवरची आयपर्फ३ची प्रक्रिया सलग अडीच मिलिसेकंद सीपीयूपासून लांब राहिली, की पुढचं प्रत्येक पॅकेट जमिनीवर.

नागपूरचं मशीन व्हर्च्युअल होतं आणि त्याच होस्टवर (खालच्या खऱ्या मशिनवर) फाइल सर्व्हरसकट आणखी मशिनं होती. सकाळी अकराला तिथली माणसं फाइली उघडायला लागली की आमच्या मशिनचा व्हीसीपीयू, म्हणजे होस्टच्या सीपीयूतला वाटा, मधूनच काढून दुसऱ्याला दिला जायचा. ‘टॉप’ लावलं तर सीपीयूच्या ओळीत शेवटी एसटी असा आकडा असतो, तो हीच चोरी दाखवतो. रात्री शून्य, सकाळी वर, जेवणाच्या सुट्टीत खाली! गर्दी होती खरी, पण लाइनवर नव्हती, होस्टच्या सीपीयूवर होती.

व्हीसीपीयू परत मिळाल्यावरही सुटका लगेच होत नाही. थांबलेली पॅकेटं कर्नल आधी स्वतः उपसतो, एका फेरीत तीनशेपर्यंत, आणि मग आयपर्फ३ची पाळी येते. तीनशे पॅकेटं ९२ च्या डब्यात ओतली तर काय होणार ते उघड आहे.

देणाऱ्या बाजूचाही यात हात असतो. आयपर्फ३ वेग सांभाळतं ते ठरावीक अंतरानं ‘आता पाठवू का’ असं तपासून. हल्ली हे अंतर १ मिलिसेकंद आहे, म्हणजे आमच्या वेगाला एका झटक्यात ३९-४० पॅकेटं. जुन्या आवृत्त्यांत ते १०० मिलिसेकंद होतं. तेव्हा एकेक झटका ३,९०० पॅकेटांच्या घरात जायचा. असा लोंढा कंपनीच्या वेगमर्यादेवर आदळला तर लाइनवर खराच लॉस होतो, आणि तरीही दोष टूलचा असतो. त्यामुळे एखाद्या जुन्या सर्व्हरवर फार पूर्वी टाकलेलं आयपर्फ३ तसंच पडून असेल तर पहिल्यांदा ते बदला, बाकीचं नंतर बघू.

तपासणी

टेस्टच्या आधी आणि नंतर चार ठिकाणचे आकडे घ्यायचे, तीन घेणाऱ्या मशिनवर आणि एक पाठवणाऱ्या मशिनवर. मी आतून बाहेर जाते, कारण नव्वद टक्के वेळा पहिल्याच पायरीवर चोर सापडतो (हा नव्वदचा आकडा माझ्या रागाचा आहे, मोजलेला नाही).

पहिली पायरी, सॉकेट. ‘एनस्टॅट’ एकदा चालवा, टेस्ट लावा, परत चालवा. हे टूल मागच्या वेळेपासूनची फक्त वाढ दाखवतं, त्यामुळे वजाबाकी करावी लागत नाही. त्यात ‘यूडीपी आरसीव्ही-बफ एरर्स’ अशी ओळ आली आणि तो आकडा आयपर्फ३च्या लॉसच्या जवळपास असेल तर विषय संपला, लाइन निर्दोष. ओळच आली नाही तर घाबरू नका, शून्य असलेल्या ओळी ते लपवतं. आयपीव्ही६वर टेस्ट केली असेल तर तिचे आकडे यूडीपी६ या नावानं वेगळे असतात. एकदा मी चुकीच्या ओळीकडे बघत अर्धा तास घालवला आहे.

टेस्ट चालू असतानाच बघायचं असेल तर ‘एसएस’ ही आज्ञा यू, ए, एम, एन या अक्षरांसह लावा. आयपर्फ३च्या ५२०१ पोर्टच्या सॉकेटखाली मेमरीची एक ओळ येते. तिच्यात आर म्हणजे आत्ता भरलेलं, आरबी म्हणजे मर्यादा, आणि शेवटचं डी म्हणजे या सॉकेटवर आजवर फेकलेली पॅकेटं. आरबीचा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

दुसरी पायरी, कर्नलची मधली रांग: ‘प्रोक’मधल्या नेट फोल्डरात ‘सॉफ्टनेट स्टॅट’ नावाची फाइल आहे, दर सीपीयूला एक ओळ, दुसऱ्या रकान्यात फेकलेली पॅकेटं. आकडे सोळाच्या पद्धतीत असतात एवढं ध्यानात ठेवा. तिसरी पायरी, नेटवर्क कार्ड: ‘ईथटूल’ डॅश कॅपिटल एस. ड्रायव्हरगणिक नावं वेगळी, पण ‘मिस्ड’ किंवा ‘नो बफर’ असं काही वाढलेलं दिसलं तर रिंग (कार्डाची स्वतःची पॅकेटांची रांग) लहान पडतेय. चौथी पायरी म्हणजे पाठवणाऱ्या मशिनवर हेच सगळं उलट बाजूनं, विशेषतः ‘एसएनडी-बफ एरर्स’.

चारही ठिकाणी वाढ शून्य आणि आयपर्फ३ तरीही लॉस दाखवतंय? मग पॅकेट आपल्या मशिनपर्यंत आलंच नाही. तेव्हा खुशाल तिकीट टाका, आणि हे आकडे सोबत जोडा.

‘टीसीपीडंप’ लावून बघू असं कोणीतरी सुचवतंच. चालेल, पण ते सॉकेटच्या आधी पॅकेट टिपतं आणि स्वतःही बराच सीपीयू खातं. आधीच उपाशी असलेल्या मशिनवर ते लावलं की लॉस वाढतो, आणि बंद करताना ते स्वतःच सांगतं की इतकी पॅकेटं कर्नलनं टाकली. लावायचंच असेल तर फक्त हेडरपुरतं टिपायला सांगा आणि थेट फाइलमध्ये लिहा.

दुरुस्ती, आणि ती टिकत का नाही

बफर किती हवा याचा अंदाज काढता येतो. आमच्याकडे सर्वात वाईट अडथळा २० मिलिसेकंदांचा धरला. ३९ हजार पॅकेटं दर सेकंदाला, म्हणजे २० मिलिसेकंदांत ७८० पॅकेटं, प्रत्येकी २,३०४ बाइट. साधारण १.८ एमबी. दुपटीहून जास्त ठेवायचं म्हणून डॅश डब्ल्यू ४एम दिलं.

इथे सॉकेटची एक गंमत. डॅश डब्ल्यू दिलं की टूल कर्नलकडे तेवढा बफर मागतं. कर्नल ती मागणी ‘आरमेम मॅक्स’ या मर्यादेवर छाटतो आणि मग दुप्पट करतो, कारण अर्धी जागा स्वतःच्या नोंदींना जाईल असं तो धरून चालतो. ही मर्यादाही साधारण २,१२,९९२ च असते. म्हणजे कितीही मागा, ४,२५,९८४ बाइटच्या वर मिळत नाही.

४एम मागितलं तर आयपर्फ३ मिळालेला आकडा परत वाचून बघतं, कमी आहे म्हणून चूक दाखवतं आणि थांबतं. चांगलं वागणं आहे. पण ४००के मागून बघा. मर्यादेवर छाटलेला आणि दुप्पट झालेला आकडा ४,२५,९८४, मागणी ४,०९,६०० बाइट. मिळालेलं मागणीपेक्षा जास्त दिसतं, टूल समाधानी होतं आणि टेस्ट सुरू होते. प्रत्यक्षात मर्यादा नसती तर ८,१९,२०० मिळाले असते, म्हणजे मिळालं ते निम्म्याच्या आसपास. टूलनं तक्रार केली नाही म्हणजे मागितलेलं मिळालं, असं मानू नका. ‘एसएस’मधला आरबी बघा. ४एम मागितल्यावर तो ८३,८८,६०८ दिसला पाहिजे.

मर्यादा वाढवताना ‘आरमेम मॅक्स’ बरोबर ‘डब्ल्यूमेम मॅक्स’ही वाढवा. आयपर्फ३ देण्याघेण्याचे दोन्ही बफर एकाच आकड्यावर लावायला जातं, त्यामुळे एकच वाढवलं तर दुसऱ्यावरून अडतं. आणि डॅश डब्ल्यू क्लायंटवर दिलं तरी तो आकडा नियंत्रणाच्या जोडणीवरून (टेस्ट ठरवायला दोघांत असलेली वेगळी जोडणी) सर्व्हरलाही जातो, म्हणून मर्यादा दोन्ही मशिनांवर हवी. ‘आरमेम डिफॉल्ट’ला मात्र हात लावू नका. त्यानं मशिनवरचं प्रत्येक यूडीपी सॉकेट फुगतं, एका टेस्टपायी सगळ्या गावाला जेवण कशाला.

आता हे परत परत का बिघडतं. कारण कळल्यावर पहिल्या वेळी मर्यादा चालू मशिनवर ‘सिसकंट्रोल’ डॅश डब्ल्यूनं बदलली होती. टेस्ट उत्तम आली, सगळे खूश. पुढच्या पॅचिंगला मशीन रीबूट झालं आणि मर्यादा गुपचूप मूळ पदावर. दुसऱ्या वेळी ‘ईटीसी’मधल्या ‘सिसकंट्रोल डॉट डी’ फोल्डरात फाइल टाकली, तर तीन महिन्यांनी कोणीतरी ते मशीन टेम्प्लेटवरून नव्यानं उभं केलं आणि फाइल गेली. तिसऱ्या वेळी टेस्ट कंटेनरमध्ये हलवली होती. ही मर्यादा कंटेनरच्या आतून बदलत नाही, खालच्या होस्टवर बदलावी लागते. चौथ्या वेळी सगळं जागेवर होतं, पण टेस्ट लावणारा पोरगा नवीन होता आणि त्यानं डॅश डब्ल्यूच दिलं नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, दोष माझा.

आता टेस्टच्या स्क्रिप्टमध्येच पहिली ओळ मर्यादा वाचते आणि कमी असेल तर पुढे जात नाही. फाइल टेम्प्लेटमध्ये टाकली आहे. होस्टवर त्या व्हीसीपीयूंना थोडी राखीव ताकद दिली आहे, आणि डॅश कॅपिटल ए वापरून आयपर्फ३ला दोन्हीकडे एका ठरलेल्या सीपीयूवर बांधलं आहे. बफर हा अडथळा झेलतो, काढत नाही. सीपीयू सलग शंभर मिलिसेकंद गायब होणार असेल तर एवढा मोठा बफरही अपुराच.

एक उलटी चूक टाळा. यूडीपीला फायदा झाला म्हणून टीसीपीच्या टेस्टलाही डॅश डब्ल्यू लावलं जातं. टीसीपीचा बफर कर्नल आपणहून गरजेप्रमाणे वाढवत असतो. आपण आकडा दिला की तो वाढवणं सोडून देतो.

आणि डॅश कॅपिटल पी देऊन प्रवाह वाढवले की काम सीपीयूंमध्ये वाटलं जाईल, ही समजूत ३.१६ च्या आधीच्या आवृत्त्यांना लागू नाही. तिथे सगळे प्रवाह एकाच थ्रेडवर (प्रोग्रॅमच्या कामाच्या एकाच धाग्यावर) चालतात. दर प्रवाहाला स्वतंत्र थ्रेड ३.१६ पासून आला.

टूलमध्येच सुधारणा

सेटिंगांनी आमचं काम भागलं, पण मला चैन पडेना. लॉसचा आकडा दोन भागांत का दाखवता येऊ नये, वाटेत हरवलेली इतकी आणि सॉकेटवर पडलेली इतकी? लिनक्सला दुसरा आकडा माहीत असतो. ‘एसओ आरएक्सक्यू ओव्हीएफएल’ असा एक सॉकेट पर्याय आहे. तो चालू केला की वाचलेल्या पॅकेटासोबत, त्या सॉकेटनं जन्मापासून किती पॅकेटं टाकली तो आकडा चिकटून येतो. टूलनं तो वाचायचा आणि लॉसमधून वजा करायचा.

मी माझ्या प्रतीत हा बदल करून बघितला. त्यात कुठे कुठे अडखळले ते सांगते, कारण कोणीही हे केलं तरी याच खड्ड्यांत पडेल.

असा चिकटून आलेला मजकूर साध्या ‘रीड’ किंवा ‘रिसीव्ह’नं मिळत नाही, ‘रिसीव्ह-मेसेज’ लागतं. बदलतेच आहे तर एका हाकेत (कर्नलला केलेल्या एका मागणीत) एकच पॅकेट घेण्याऐवजी ‘रिसीव्ह-एम-मेसेज’नं ३२ घेऊ, असं ठरवलं. कर्नलमध्ये जाण्या-येण्याचा खर्च वाचतो, रांग लवकर उपसली जाते. पहिल्या धावेत टाकलेल्यांचा आकडा थोडा वेळ बरोबर आला आणि मग गायबच झाला. कारण नियंत्रण मजकुराची (पॅकेटासोबत चिकटून येणाऱ्या माहितीची) लांबी सांगणारं खानं कर्नल प्रत्येक हाकेनंतर स्वतःच्या उत्तरानं बदलतो. ज्या खेपेला मजकूर नव्हता त्या खेपेला तिथे शून्य लिहिलं गेलं, आणि पुढच्या हाकेला मीच कर्नलला सांगत होते की माझ्याकडे जागा शून्य आहे. प्रत्येक हाकेआधी सगळ्या ३२ खान्यांत लांबी परत भरावी लागते. साधी गोष्ट, एक संध्याकाळ गेली.

मजकूर आला नाही याचा अर्थही नीट घ्या. टाकलेल्यांचा आकडा शून्य असेल तर कर्नल काही चिकटवतच नाही. ती चूक नव्हे. शिवाय आकडा पॅकेट रांगेत लागतानाचा असतो, त्यामुळे टेस्टच्या अगदी शेवटी पडलेली पॅकेटं दिसत नाहीत, कारण त्यांच्यामागून कोणी आलंच नाही. थोडा फरक राहतो. राहू द्यावा.

‘रिसीव्ह-एम-मेसेज’ला मुदत देता येते, पण तिच्यावर विसंबू नका. मुदत प्रत्येक पॅकेट आल्यानंतरच तपासली जाते. ३२ मागितली, ३० आली आणि क्लायंट मेला, तर हाक मुदत संपूनही तशीच अडकून राहते. मॅन्युअलमध्ये हा दोष म्हणूनच नोंदलेला आहे. ‘वेट फॉर वन’ हा झेंडा द्या. पहिल्या पॅकेटापुरतं थांबतो, नंतर जेवढी तयार असतील तेवढी घेऊन परत येतो.

सर्वात उशिरा लक्षात आलं ते जिटरचं, म्हणजे पॅकेटं पोचण्याच्या वेळेतल्या चढउताराचं. लॉस सुधारला आणि जिटर विचित्र झाला. आयपर्फ३ पॅकेट वाचल्यावर घड्याळ बघतं. एका हाकेत ३२ पॅकेटं आली की बत्तीसही एकाच क्षणी पोचल्यासारखी दिसतात. यावर उपाय म्हणजे पोचल्याची वेळ कर्नलकडून घेणं, ‘एसओ टाइमस्टॅम्प-एनएस’ या पर्यायानं. ती वेळही त्याच नियंत्रण मजकुरात येते, तेव्हा त्याची जागा दोघांना पुरेल इतकी धरा, नाहीतर कर्नल एक देतो आणि दुसरं कापतो.

सर्व्हर आपले निकाल क्लायंटला नियंत्रणाच्या जोडणीवरून जेसनमध्ये पाठवतो. त्यात एक नवं खानं घातलं. जुना क्लायंट ते ओळखत नाही, सोडून देतो, काही मोडत नाही.

याच्यासारखे दिसणारे दुसरे त्रास

यूडीपीची टेस्ट सुरूच होत नाही, पण फायरवॉलमध्ये यूडीपी ५२०१ उघडा आहे: टीसीपी ५२०१ सुद्धा उघडा लागतो. नियंत्रणाची जोडणी नेहमी टीसीपीवरच असते, टेस्ट कसलीही असो.

टीसीपी उघडा आहे आणि यूडीपी बंद: क्लायंट जोडला जातो आणि मग अर्धा मिनिट नुसता बसून राहतो. यूडीपीत तो आधी एक पॅकेट पाठवून सर्व्हरच्या उत्तराची ३० सेकंद वाट बघतो. ते एक पॅकेट किंवा त्याचं उत्तर वाटेत गेलं तरी असंच दिसतं, म्हणून एकदा परत लावून बघा.

सर्व्हर म्हणतो मी व्यस्त आहे, नंतर या: एक सर्व्हर एका वेळी एकच टेस्ट घेतो. कोणाचीच टेस्ट चालू नसेल तर कुठल्यातरी लॅपटॉपचं झाकण मधेच मिटलं आहे आणि सर्व्हर अजून त्याचीच वाट बघतोय. नव्या आवृत्त्यांत डेटा न आल्यास १२० सेकंदांनी तो आपणहून सोडतो. ही मुदत ‘आरसीव्ही टाइमआउट’नं कमी करता येते. जुन्यात सर्व्हर उठून बंद करून परत लावण्याला पर्याय नाही.

माझा बदल अजून मूळ प्रकल्पाकडे पाठवलेला नाही. टाकलेल्यांचा आकडा, एका हाकेत ३२ पॅकेटं आणि कर्नलची वेळ, हे तीनही भाग मी लिनक्सच्या तऱ्हेनंच लिहिले आहेत, आणि आयपर्फ३ फ्रीबीएसडीवर आणि मॅकवरही चालतं. तिथे हे भाग बाजूला ठेवून जुन्याच वाटेनं वाचन व्हावं अशी सोय करायची राहिली आहे. मॅकवर बांधून बघायला मशीन मिळालं की तेवढं उरकते.